मणी सापडलाय? आधी धुऊ नका

जूनमधले पहिले दोन-तीन जोराचे पाऊस झाले की माझ्या दारात काड्यापेट्या यायला लागतात. नांगरट झालेली असते, वरची माती वाहून जाते, बारीकसारीक वस्तू उघड्या पडतात. शाळेतली पोरं, त्यांचे आजोबा, कधी भात लावायला निघालेल्या बायका असं कुणीतरी काड्यापेटी उघडून पुढं धरतं आणि विचारतं, "मॅडम, किती वर्सांचा असंल ओ?"

मी विज्ञान शिकवते. भूशास्त्र धारवाडला शिकले, मण्यांचा नाद नंतर लागला. गेल्या वर्षी बेळगावजवळच्या कडोलीकडच्या एका मामांनी दोन मणी आणले, एक लाल आणि एक निळा. "किती वर्सांचा" यावर मी विचारलं, "कुठं सापडला?" मामा म्हणाले, "शेतात." शेतं त्यांची तीन आहेत. कुठल्या शेतात, किती खोल, शेजारी खापरं होती का, यातलं काहीच त्यांना आठवेना. मणी त्यांनी साबणानं लख्ख धुऊन आणले होते.

नव्यानं या वाटेला लागणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मामांचे दोन मणी मध्येमध्ये येत राहतील.

आधी कायदा, थोडक्यात

दिसलेली वस्तू दाखवणं आणि ती शोधायला जमीन खणणं यांत मोठा फरक आहे. परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही, शेत स्वतःचं असलं तरी. संरक्षित स्मारकाच्या आवारातली खापरी किंवा मणीसुद्धा उचलायचा नाही. जमिनीत पुरलेलं काही मोलाचं सापडलं तर त्याची खबर सरकारला देणं बंधनकारक आहे. आपल्याकडं कर्नाटकात त्याची वाट तहसीलदार आणि डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसातून राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडं जाते. १९७२च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, तेव्हा विकायचा विचारही नको. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, शेजारी कुणीतरी लिहून देतंच. गावाचं नाव मराठी आणि कन्नड दोन्ही उच्चारांनी लिहा, पहाणीवरचा (सातबाऱ्यासारख्या जमिनीच्या उताऱ्यावरचा) सर्व्हे नंबरही टाका. जुन्या इंग्रजी अहवालात एक नाव, पाटीवर दुसरं आणि आपल्या तोंडात तिसरं, असं इथं नेहमीचं. दहा वर्षांनी कुणी ती जागा शोधायला निघालं तर सर्व्हे नंबरच उपयोगी पडतो.

मणी अजून मातीत आहे तेव्हाच

हात लावायच्या आधी फोटो काढा. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, म्हणून फोटोवरून माप निघतं. एक फोटो जवळून आणि एक लांबून. लांबच्या फोटोत विहीर, बांध, विजेचा खांब असं न हलणारं काहीतरी येऊ द्या. मोबाइलचं लोकेशन घ्याच, पण ते काही मीटर इकडंतिकडं असतं, म्हणून बांधापासूनचं अंतर पावलांनी मोजून लिहा.

माती बघा. काळीत सापडला की पांढरीत? पांढर म्हणजे जुन्या वस्तीची राखट, भुरकट माती, हे आपल्या शेतकऱ्यांना पुस्तकाशिवाय कळतं. पांढरीच्या टेकाडावरचा मणी वस्तीतला असायची शक्यता जास्त. काळ्या रानातला मणी कुठूनही आलेला असू शकतो. शेणखतातून, ओढ्यातून, बैलाच्या गळ्यातूनसुद्धा. शेजारची खापरं गोळा करू नका, पण त्यांचा फोटो घ्या. आतून काळं आणि बाहेरून अर्धं काळं, अर्धं तांबडं असं चकचकीत खापर दिसलं तर मला लगेच फोन करावा असं मी पोरांना सांगते. दख्खनमध्ये महापाषाण काळातल्या, म्हणजे मोठाले दगड रचून माणसं पुरायचे त्या काळातल्या दफनांत अशी काळी-तांबडी भांडी असतात.

मणी उचलायचा तो चिकटलेल्या मातीसकट. कागदाच्या पुडीत ठेवा, कापसात ठेवू नका. कापसाचे तंतू भोकात शिरले की उद्या सूक्ष्मदर्शकाखाली जुना दोरा कुठला आणि तुमचा कापूस कुठला, हे सांगणं अवघड होतं.

न धुण्याचं कारण

बलुचिस्तानातल्या मेहरगढला नवाश्मयुगीन दफनात तांब्याचे मणी निघाले होते. त्यातल्या एकाच्या भोकात कापसाचे तंतू होते. तांब्याच्या गंजातले क्षार तंतूंत मुरले, म्हणून ते सुमारे आठ हजार वर्षं टिकले. कापसाच्या वापराचा हा फार जुना पुरावा, आणि तो राहिला तो मण्याच्या भोकात. सिंधमधल्या चन्हुदडोला शंखजिऱ्याच्या (हा एक मऊ दगड) बारीक मण्यांत रेशमाचा धागा मिळाला, तोही असाच. कुणी हौसेनं टूथब्रश फिरवला असता तर दोन्ही गोष्टी गटारात गेल्या असत्या.

मी स्वतः याहून मोठा घोटाळा केला आहे. सुरुवातीच्या दिवसांत मला एक पांढरी, चपटी चकती मिळाली होती. वर चुन्याचा थर होता. दगडच असणार असं मानून मी ती लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकली आणि चहा ठेवायला गेले. परत आले तर वाटीत बुडबुडे. चकती शंखाची होती. पृष्ठभाग खडबडीत झाला होता, घासकामाच्या खुणा गेल्या होत्या. ती चकती मी अजून ठेवली आहे. वर्गात दाखवते, लिंबाची गोष्टही सांगते.

भिंग आणि मोबाइलचा टॉर्च

इथं रेंगाळा. दहापट मोठं दाखवणारं सराफाचं भिंग पुरतं. मणी टॉर्चच्या पुढं धरून आतला उजेड बघा.

काचेत बुडबुडे असतात. बुडबुडे भोकाच्या दिशेनं लांबट झाले असतील, तर वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढून तिचे तुकडे पाडलेले आहेत. भोकाभोवती गोल फिरलेले असतील, तर काच सळईवर गुंडाळून मणी केलेला आहे. पहिली पद्धत पुद्दुचेरीजवळच्या अरिकामेडूला दोन हजार वर्षांपूर्वी चालत होती. आंध्रातल्या पापानायडूपेटला तशी ओढलेल्या नळीची रीत आपल्या काळापर्यंत टिकली.

अकीक, गोमेद यांत बुडबुडे नसतात. पट्टे असतात, नाहीतर ढगाळ रंग. लाल अकिकावर पांढरी नक्षी दिसली तर नखानं नव्हे, भिंगानं तपासा. नक्षी रंगवलेली नसते. सोड्याचा लेप वनस्पतीच्या रसात कालवून रेघा काढतात आणि मणी तापवतात, मग पांढरेपणा दगडात उतरतो. अशा कोरीव म्हणवल्या जाणाऱ्या मण्यांवर आणि भारतीय काचेवर मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी मूलभूत काम केलं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचं १९४५-४६चं उत्खनन पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी केलं, तेव्हा दीक्षित त्यांच्यासोबत होते. म्हणजे मण्यांचा हा अभ्यास निपाणीपासून तासाभराच्या अंतरावर एका मराठी माणसाच्या हातून झालेला आहे, आणि आपल्याकडं त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

आता भोक. जुन्या दगडी मण्यात बहुतेकदा दोन्ही बाजूंनी वेज पाडलेलं असतं. मध्ये दोन्ही वेजं जुळतात तिथं पायरी दिसते. दोन्ही तोंडं रुंद आणि मध्य अरुंद, असं डमरूसारखं भोक असेल, तर साध्या टोच्यानं वाळू-पाणी घालून काम केलेलं असू शकतं. सरळ, एकसारखं भोक आणि आत बारीक समांतर चऱ्या असतील, तर टोकाला हिऱ्याचे कण बसवलेली सळई वापरलेली असण्याची शक्यता वाढते. गुजरातमध्ये खंभातचे कारागीर अजून हिऱ्याच्या टोच्यानं भोक पाडतात. त्यांच्या कामाशी ताडून केनोयर आणि विदाले या संशोधकांनी हडप्पाकालीन मण्यांची भोकं अभ्यासली. हडप्पाच्या कारागिरांकडं हिरा नव्हता, एका विशिष्ट कठीण दगडाची टोकं होती. लांब अकीक-मण्याचं नुसतं भोक पाडायला दिवसच्या दिवस जात.

भोकाच्या आतलं बघायला प्रयोगशाळेत दाताचे डॉक्टर वापरतात तसल्या सिलिकॉनचा साचा घेतात आणि तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. घरी हा खेळ करू नका. साचा ओढताना आतली माती आणि तंतू त्याच्याबरोबर निघतात.

भोकाच्या कडा झिजलेल्या असतील तर मणी बराच काळ वापरात होता. हे "किती वर्सांचा"चं उत्तर नाही, पण मण्याच्या आयुष्याबद्दल काहीतरी सांगतं.

सराफाचा काटा

बेळगावातल्या शहापूरच्या सराफ कट्ट्यावर ओळख असेल तर ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा वापरायला मिळतो. मण्याचं हवेतलं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि मणी बारीक दोऱ्यानं पाण्यात टांगता धरा. तो पूर्ण बुडाला पाहिजे, तळाला किंवा काचेला टेकता कामा नये. काट्यावर आता जितके ग्रॅम दिसतील, तितके घनसेंटिमीटर मण्याचं आकारमान. हवेतल्या वजनाला त्यानं भागलं की घनता मिळते.

मामांचा लाल मणी १.३२ ग्रॅम भरला. पाण्यात काट्यानं ०.५० दाखवलं. १.३२ भागिले ०.५० म्हणजे २.६४. गारगोटीच्या कुळातल्या दगडांची घनता २.६ ते २.६५ असते, म्हणजे अकीक बसला. निळा मणी २.५० निघाला. साधी काच याच्या आसपास असते. हस्तिदंत १.७ ते १.९, शंख २.७ ते २.८, अंबर पाण्याहून जेमतेम जड, आणि गार्नेट साडेतीनच्या वर.

भोकात हवा अडकली तर आकडा चुकतो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की हवा निघते. फार लहान मणी मात्र या काट्यावर मोजू नका. ०.२० ग्रॅमच्या अकिकाचं आकारमान काटा ०.०७ दाखवेल नाहीतर ०.०८, आणि घनता २.८६ येईल नाहीतर २.५. म्हणजे काच की शंख तेच कळणार नाही. हाड, शंख, भाजलेलं शंखजिरं असे पाणी शोषणारे मणी, आणि ज्यांच्या भोकात माती आहे ते, पाण्यात घालायचेच नाहीत. मामांचे आधीच धुतलेले होते, म्हणून माझं फावलं.

खिळ्यानं ओरखडा काढून कठीणपणा बघायची जुनी सवय सोडा. तिच्यानं फसगतही होते. शंखजिरं नखानं ओरखडता येतं, पण तेच भट्टीत हजार अंशांच्या आसपास भाजलं की काचेला ओरखडे पाडण्याइतकं कठीण होतं. हडप्पाचे हजारो बारीक पांढरे मणी असेच आहेत.

प्रयोगशाळेत काय मागायचं

विद्यापीठाला किंवा संशोधन संस्थेला पत्र लिहिताना "मण्याची तपासणी करावी" असं लिहिलं तर पत्र टेबलावर पडून राहतं. नेमका प्रश्न विचारा.

मणी कोणत्या खनिजाचा, हा प्रश्न असेल तर रामन तपासणी मागा. सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामावर ती चालते. लेसरचा किरण मण्यावर टाकतात आणि परतलेल्या उजेडाचा आलेख वाचतात. गारगोटीचं ठळक शिखर ४६४ या आकड्याजवळ येतं. काचेत अशी टोकदार शिखरं नसतात, रुंद उंचवटे असतात. मण्याला काही इजा होत नाही.

कोणती मूलद्रव्यं आहेत, यासाठी एक्स-किरणांची एक्सआरएफ तपासणी. हातात धरायच्या यंत्रानं दोन मिनिटांत निळा रंग तांब्याचा की कोबाल्टचा ते कळतं. लाल किंवा केशरी काचेत कॅडमियम आणि सेलेनियम सापडलं तर ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरचीच, तिथं विषय संपला. पण हे यंत्र सोडियमसारखी हलकी मूलद्रव्यं नीट बघू शकत नाही, आणि काचेच्या घराण्याचा निवाडा तर सोड्यावर आणि ॲल्युमिनावर होतो. दक्षिण आशियातल्या बऱ्याच जुन्या काचेत ॲल्युमिना भरपूर असतं. म्हणून काचेसाठी लेसरनं केसाच्या जाडीएवढा खड्डा पाडून करायची मास स्पेक्ट्रोमेट्री (अणू वजनावरून वेगळे करून मोजायची तपासणी) मागावी. खड्डा डोळ्यांना दिसत नाही.

"दगड कुठून आला" हा प्रश्न लोकांना फार आवडतो. अकीक म्हटलं की गुजरातचं रतनपूर, असं म्हणून मोकळं होऊ नका. आपल्या बेळगाव जिल्ह्याचा पश्चिम आणि उत्तर भाग दख्खनच्या काळ्या खडकाचा आहे. त्या खडकाच्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक होतो आणि नद्या त्याचे गोटे वाहून नेतात. घटप्रभा गोकाकला ज्या कड्यावरून उडी घेते तो वालुकाश्माचा, ती वेगळीच खडकांची जात. रंगावरून तर मूळ कधीच ठरवू नये. अकीक तापवला की त्यातलं लोहाचं पिवळट संयुग हेमटाइट होतं आणि दगड लाल होतो. मणीकारांना हे हजारो वर्षांपासून ठाऊक आहे.

आता वय

दगडी मण्याला कार्बन-१४ लागू पडत नाही. तो लागतो एकदा जिवंत असलेल्या गोष्टींना. हाड, शंख, अंड्याचं कवच, कोळसा. ज्या खडकातून अकीक आला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. ते दगडाचं वय, मण्याचं नव्हे. माणसानं भोक पाडलं तो दिवस दगडात कुठं नोंदलेला नसतो.

मग मण्याचं वय काढतात ते त्याच्या थरावरून. मोरोक्कोतल्या बिझमून गुहेतले शिंपल्यांचे मणी एक लाख बेचाळीस हजार वर्षांहून जुने असल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. शिंपले कार्बनच्या आवाक्याबाहेरचे, कारण ती पद्धत साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंतच चालते. वय ठरलं गुहेतल्या चुन्याच्या थरांतल्या युरेनियमवरून. तेच शिंपले वाहून आलेल्या गाळात मिळाले असते तर कुणी काही सांगू शकलं नसतं.

आपल्या बाजूचं उदाहरण चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे गावचं. तिथं एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेले तुकडे मिळाले, आणि कवचाचं वय कार्बननं सुमारे पंचवीस हजार वर्षं आलं. महाराष्ट्रात शहामृग कुठला, असं पोरं विचारतातच. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशीविज्ञानाच्या संस्थेनं २०१७ मध्ये राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या अशा जुन्या कवचांतला डीएनए वाचून तो आफ्रिकी शहामृगाच्याच कुळातला असल्याचं दाखवलं.

शंखाचा मणी पाठवणार असाल तर आधी रामननं खनिज बघायला सांगा. समुद्री शंख बहुधा अ‍ॅरागोनाइटचा असतो. जमिनीत त्याचं कॅल्साइट (त्याच चुन्याचं दुसरं खनिजरूप) झालं असेल तर नवा कार्बन आत शिरलेला असतो आणि तारीख बिघडते. शिवाय समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना, म्हणून शंख साधारण चारशे वर्षांनी जास्त म्हातारा दिसतो. ती दुरुस्ती करावी लागते. चाचणीत नमुना जळतो हेही मालकाला आधी सांगा. दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र किंवा अहमदाबादची भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळा यांच्याकडच्या यंत्रांना मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो, पण छोट्या मण्यातून तेवढा काढायचा म्हणजे मणी जवळजवळ गेलाच. त्यापेक्षा त्याच थरातला कोळसा, शक्यतो जळलेलं धान्य, पाठवणं शहाणपणाचं. धान्य एका वर्षाचं असतं. सागाच्या तुळईचा गाभा ती जळायच्या शे-दोनशे वर्षं आधीचा असू शकतो.

अहवालात "२४५० ± ३० बीपी" असं लिहून येतं. बीपी म्हणजे १९५० सालापासून मागं. पण २४५० मधून १९५० वजा करून "इसवी सन पूर्व ५००" लिहिणं चूक. हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण दरवर्षी सारखं नव्हतं, म्हणून झाडांच्या वलयांवरून केलेल्या वक्राशी आकडा जुळवावा लागतो. आपलं दुर्दैव असं की इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात तो वक्र जवळजवळ सपाट आहे. २४५० चा खरा काळ इ.स.पू. ७५० ते ४१० मध्ये कुठंही पडू शकतो. गोकाकजवळच्या कोन्नूरला महापाषाणकालीन दगडी दफनं आहेत. महापाषाण काळाचा बराच भाग या सपाट पट्ट्यात येतो. शंभर वर्षांच्या आत तारीख सांगणारा माणूस भेटला तर त्याला एकाऐवजी किती नमुने तपासले ते विचारा.

कोळसाच नसेल तर मातीतल्या वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला ते मोजता येतं. त्याला ओएसएल म्हणतात. नमुना धातूच्या नळीत, उजेड न लागू देता घ्यावा लागतो. ते काम तज्ज्ञांचं, आपण खड्डा उकरून माती पाठवली तर ती फुकट.

"प्रागैतिहासिक" हा शब्दही जपून वापरा, तो लेखन येण्याआधीच्या काळासाठी आहे. कर्नाटकात लेखन दिसायला लागतं ते अशोकाच्या लेखांपासून, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून. बेळगावला खेटून असलेल्या वडगाव-माधवपूरला धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या अ. सुंदर यांनी १९७०च्या दशकात सातवाहन काळातलं नगर उघडं केलं. आता तिथं घरं आहेत. तिथल्या परसात नळाचा चर खणताना मणी निघाला तर तो दोन हजार वर्षांचा असू शकतो, पण तो ऐतिहासिक काळातला. त्यानं त्याचं मोल कमी होत नाही.

पुडीवरची चिठ्ठी

पेन्सिलनं लिहा, शाई पसरते. गाव, सर्व्हे नंबर, तारीख, खोली, मातीचा रंग, कुणी उचलला. खाली साहित्य आणि ते कशावरून ठरवलं. त्याखाली वय आणि ते कशावरून. "कशावरून" हा रकाना रिकामा असेल तर त्याच्या वरचाही रिकामाच ठेवायचा.

मामांच्या निळ्या मण्याचं कोडं बेंदराच्या दिवशी सुटलं. कर्नाटकी बेंदराला त्यांच्या गोठ्यात गेले तर बैलाच्या गळ्यात तसल्याच निळ्या काचमण्यांची माळ होती, एक मणी कमी असलेली. मामा हसले, मीही हसले. लाल अकिकाच्या चिठ्ठीवर मी साहित्य लिहिलं, घनता लिहिली. वयापुढं आडवी रेघ मारली. मामांना ती रेघ आवडली नाही. "एवढं पाण्यात घालून मोजलासा आणि वय न्हाई?"

यंदा मृगाच्या पावसात त्यांचा फोन आला. "मॅडम, आणि एक दिसलाय बघा, विहिरीच्या खालच्या वाफ्यात. हात लावलो न्हाई. पाऊस यायलाय म्हणून वर बादली उपडी घालून ठेवलोय. कवा येतासा?"